तलावातील मासेमारी व नौकाविहार (ठाणे)

ठाण्याच्या गोड्या पाण्याच्या तलावांवर चालणारी मासेमारी आणि होडीतील सफर. चेंदणी कोळीवाड्याची मासेमारी खाडीची व भरती-ओहोटीवर चालणारी. तलावातली तिच्यापेक्षा वेगळी. नौकाविहाराचे सर्वपरिचित ठिकाण म्हणजे मासुंदा तलाव, अर्थात तलावपाळी.

मासुंद्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. स्थानिक परंपरा तो शिलाहार राजांच्या काळातला मानते. उत्तर कोकणच्या शिलाहारांची शिवभक्ती आणि अंबरनाथचे शके ९८२ (इ. स. १०६०) मधील मंदिर पाहता, शिवालयाशेजारी जलाशय खोदला गेला असणे संभवनीय आहे. मात्र काठाजवळच्या कौपिनेश्वर या शिवमंदिराची सध्याची वास्तू पेशवाईतील असून ती १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारल्याचे मानतात. तिच्यावरून तलावाचे वय काढणे योग्य नाही. मूळ खोदकाम जुने आणि काठ वेळोवेळी नव्याने बांधलेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अशा तलावांत रोहू, कटला व मृगळ वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचा प्रवाह लागतो. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागते. पूर्वी हे बीज नदीतून गोळा करत. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहूच्या कुळातील, माशांचे प्रजनन साधले आणि हे परावलंबन कमी झाले. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाला, म्हणजे चिलापीला, अशी मदत लागत नाही. ती तळ्यातच पिल्ले वाढवते आणि इतर माशांच्या अन्नात वाटेकरी होते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी चरतो. गळ त्याप्रमाणे खोल-उथळ ठेवतात. गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, कणकेची गोळी किंवा गांडूळ लावतात. दोरीवर मोरपिसाचा देठ बांधतात. रोहू तोंड लावतो तेव्हा देठ आधी थरथरतो, मग तिरका होऊन बुडतो.

सांडपाणी व निर्माल्याने शेवाळ माजले की रात्री पाण्यातला प्राणवायू घटतो. ढगाळ दिवसांनंतर तो पहाटे सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि उपाय न झाल्यास मरतात. कारंज्यांमुळे पाण्यात हवा मिसळते. पायडलच्या होड्यांनी वरचा थर तेवढा ढवळला जातो. तळाचा गाळ काढण्याला आणि सांडपाणी अडवण्याला मात्र पर्याय नाही.