डाळिंबाची साल: काढा, अर्क आणि द्रावकाचा घोळ

आव पडली की डाळिंबाच्या सालीचा नाहीतर कुड्याच्या सालीचा काढा, नाहीतर बेलफळाचा मगज. वारीबरोबर पटकी (कॉलरा) गावोगाव पोचायची तेव्हापासून, आणि त्याआधीही, सोलापूरकडे हेच चालत आलं. त्याची शास्त्रशुद्ध तपासणी मात्र अलीकडची.

रीत ठरलेली आहे. अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर ई. कोलाय किंवा साल्मोनेला हे पोटाचे जिवाणू पसरायचे, खड्डा पाडून त्यात अर्क भरायचा, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं आणि सकाळी खड्ड्याभोवतीचा, जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल पट्टीने मोजायचा. या धर्तीची चकतीची पद्धत १९६६ मध्ये प्रमाणित झाली ती प्रतिजैविकांसाठी. सालीतले टॅनिन (तुरट द्रव्यं) अगारमध्ये नीट पसरत नाहीत, म्हणून लहान गोल म्हणजे कमकुवत अर्क असं होत नाही. एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा, काढायलाच हवी, पण पुष्कळ प्रबंध मिलिमीटरवरच थांबतात.

खरा वाद २०१० च्या नियमाचा. आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यासाठी आलेल्या १५८-ब या नियमाने सुरक्षेची अट द्रावकाला, म्हणजे अर्क ज्यात काढला त्या द्रवाला, बांधली. पाण्यात काढलेला अर्क असेल तर सुरक्षा-अभ्यास नको. पाणी-अल्कोहोलचा असेल आणि उपयोग जुनाच असेल, तरी नको. उपयोग नवा असेल तर हवा. याव्यतिरिक्त दुसरा द्रावक वापरला तर तीव्र आणि दीर्घकालीन विषाक्तता, जनुकीय बदल, गर्भावरचे परिणाम, सगळंच तपासायचं. तर्क असा, की काढा पिढ्यान् पिढ्या प्यायला गेलाय. ठीक आहे. पण घोटभर काढा वेगळा आणि तोच आटवून, वाळवून कॅप्सूलमध्ये रोज घेतलेला अर्क वेगळा. मात्रा कुठल्या कुठे जाते. दुसरीकडे कॉलेजात गोल मोठा दिसतो म्हणून मेथॅनॉल या विषारी अल्कोहोलातला अर्क लावतात. म्हणजे प्लेटवर तपासला जातो तो कुणी पीत नाही आणि लोक पितात त्याला तपासणी माफ. २०१५ मध्ये शुद्ध केलेल्या वनस्पती-अंशांसाठी वेगळा वर्ग करून तो आधुनिक औषधांच्या नियमांखाली नेला, तरी काढ्याची सूट तशीच राहिली.

सुरक्षेच्या चाचण्याही तोवर बदलल्या होत्या. निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढवण्याची जुनी पद्धत २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शकांतून गेली. आता मोजक्या उंदरांना किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत देऊन १४ दिवस पाहतात. त्यातून ‘सुरक्षित’ हा शिक्का मिळतो. महिनोन्‌महिने घेतल्यावर यकृताचं काय, ते कळत नाही. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतून आली, तेव्हा सरकारी खात्याने ती दिशाभूल करणारी ठरवली. वाद मिटलेला नाही.

२०१८ पासून आणखी एक प्रश्न आला. हजारावर प्रचलित औषधं आतड्यातल्या ४० जिवाणूंवर तपासली तेव्हा प्रतिजैविक नसलेल्यांपैकीही सुमारे चोवीस टक्के औषधांनी निदान एका जिवाणूची वाढ रोखली. मग साल फक्त वाईटच जिवाणू मारते, हे कोणी पाहिलंय?

सोलापूरपुरती अडचण निराळीच आहे. सांगोला-पंढरपूरकडच्या बागांत तेल्या या डाळिंबाच्या जिवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांचे फवारे वर्षानुवर्षे पडत आले. ज्यूसच्या गाडीवरून साल उचलून अर्क काढला, तर गोल सालीचा की फवाऱ्याचा? या प्रतिजैविकांच्या शेतीतल्या वापरावर केंद्राने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने बंदी आणली. त्याआधीच्या सालींवर केलेल्या कामात नमुना कुठल्या बागेतला आणि शेवटची फवारणी कधीची, हे लिहिलेलं आहे का ते पाहूनच आकड्यांवर भरवसा ठेवावा.