सिग्नल केबिन (बेळगाव सीमाभाग)

रेल्वे स्थानकातील सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळविणारे सरकते रूळ) व सिग्नल ज्या उंचावरील खोलीतून लोखंडी दांड्यांनी चालविले जात, ती खोली. लोंढा–बेळगाव–घटप्रभा–मिरज मार्गावरील ही व्यवस्था गेजबदल (दोन रुळांमधील अंतर बदलणे), दुहेरीकरण व इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग (सांधे व सिग्नल यांना एकमेकांशी बांधून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) यांमुळे मागे पडली.

1882 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने हा मीटर गेज (रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग साधारणतः 1890 च्या सुमारास पूर्णत्वास नेला. 1908 मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेच्या काही भागाशी एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. मार्गाचे वय तेच केबिनचे वय, असे मानणे मात्र धोक्याचे आहे. लहान स्थानकांत सांधेवाल्याने जागेवर जाऊन सांधा बदलावा व कुलूप लावावे, अशीही पद्धत असे. केबिन पुष्कळदा नंतरची.

केबिनच्या वरच्या मजल्यावर दांड्यांची रांग असे: थांब्याच्या सिग्नलची दांडी तांबडी, सांध्याची काळी, कुलपाची निळी. सांध्यापर्यंत लोखंडी सळ्या जात, सिग्नलपर्यंत कप्प्यांवरून तार. उन्हाने तार सैल पडली की दांडी पूर्ण ओढूनही सिग्नलचा हात (खांबावरील आडवी पट्टी) अर्धवटच झुके, म्हणून ताण जुळवून घ्यावा लागे. खालच्या मजल्यावरील खाचांच्या पट्ट्या एकमेकींना अडवीत; त्यामुळे सांधा बसून कुलूप लागल्याखेरीज सिग्नलची दांडी हलत नसे. या तत्त्वाचे इंग्लंडमधील पेटंट जॉन सॅक्सबी यांनी 1856 मध्ये घेतले.

‘सिग्नल पडला’, म्हणजे गाडीला वाट मिळाली, या प्रयोगाची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. एक, केबिनमधील दांडी ओढून पाडण्यावरून. दुसरी, सिग्नलचा आडवा हात खाली झुकण्यावरून. फलाटावरच्या माणसाला दांडी दिसत नसे, हात दिसे. म्हणून दुसरी अधिक ग्राह्य वाटते. हात वर उचलला जाणारे सिग्नल नंतर आले, आता तर नुसते रंगीत दिवे आहेत, पण बोलण्यात सिग्नल अजून पडतोच.

ऱ्हास दोन टप्प्यांत झाला. 1990 च्या दशकातील गेजबदलात रुळांची मांडणीच बदलली आणि दांड्यांचे काम हळूहळू पॅनेलवरील बटणांकडे गेले. पुढे दुसऱ्या रुळासाठी जागा लागली, तेव्हा रिकाम्या केबिनींवर गदा आली. लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुहेरीकरण व बेळगाव स्थानकाची नवी इमारत यांचे लोकार्पण फेब्रुवारी 2023 मध्ये झाले. केबिनला शिखर, कमान किंवा शिलालेख नसल्याने वारशाच्या यादीत ती सहसा शिरत नाही, आणि दांड्या उपसल्या की त्यांचे मोल भंगारात वजनावर ठरते. हुबळी येथे 2020 मध्ये रेल्वे संग्रहालय सुरू झाले. सुटी दांडी वा सिग्नलचा हात अशा ठिकाणी ठेवता येतो, तथापि दांडीपासून सांध्यापर्यंतची जोडणी मूळ जागीच उमगते.