नुसतं ‘जोशी’ सांगून माग लागत नाही
जुनी दफ्तरं, ग्रंथालयांच्या सूची आणि आडनावाचा शोध : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला येणाऱ्या दहा फोनांपैकी आठ एकाच वाक्यानं सुरू होतात : “आमचं आडनाव अमुक, तर काय काय मिळेल?” खरं सांगायचं तर एवढ्यावर भरपूर मिळतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं दुसऱ्याचं असतं. म्हणून हे पत्रक. काम सोपवण्याआधी एकदा वाचलंत, तर तुमचे पैसे वाचतील आणि आमचे दिवसही.

उदाहरणाला ‘जोशी’ घेतो, कारण या आडनावानं आम्हाला जितकं फसवलंय तितकं दुसऱ्या कुठल्याच नाही.

जोशी म्हणजे ज्योतिषी. गावाला पंचांग सांगणारा, मुहूर्त काढून देणारा तो ग्रामजोशी. हे गावाचं वतन होतं, म्हणजे गावोगाव एक तरी जोशी असणारच. शेजारच्या दोन गावांतल्या जोशांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, कधी पोटजातही वेगळी. शिवाय हे आडनाव गुजरातेत आहे, कुमाऊँत आहे, नेपाळातही आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौधरी यांचीही हीच गत. ही मुळात हुद्द्यांची नावं, घराण्यांची नव्हेत. देशमुख मराठा असतो, ब्राह्मण असतो, कायस्थ प्रभू असतो, मुसलमानही असतो.

आता डॉ. आनंदीबाई जोशी यांचंच बघा. १८६५ साली जन्मल्या तेव्हा त्या यमुना गणपतराव जोशी होत्या. नवव्या वर्षी लग्न झालं गोपाळराव जोशींशी. नाव बदललं, आडनाव मात्र तेच राहिलं. कागदात नुसतं ‘जोशी’ दिसलं तर ते माहेरचं की सासरचं, हे बाजूचं नाव पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पुढं १८८६ साली त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. तिथल्या कागदांत त्यांच्या आडनावाच्या रोमन स्पेलिंगात शेवटी ‘आय’ नाही, दोन ‘ई’ आहेत. हे कागद आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. आपल्या सवयीच्या स्पेलिंगानं शोधणारा माणूस त्यांच्या दारावरून तसाच परत फिरू शकतो. म्हणून कुठलंही आडनाव आम्ही एकाच स्पेलिंगानं कधी शोधत नाही. आधी सगळी शक्य रूपं लिहून काढतो आणि मगच बसतो.

स्त्रियांचा माग काढताना आणखी एक अडचण येते. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची आपली रीत कागद वाचणाऱ्याच्या मुळावर येते. यमुना कुर्लेकर आणि रमाबाई रानडे ही एकच व्यक्ती, हे ठाऊक असल्याशिवाय दोन टोकं जुळत नाहीत. आजीचं माहेर शोधायचं असेल तर तिचं माहेरचं नाव विचारून ठेवा. घरात ते सांगू शकणारं माणूस असेल तर आजच विचारा.

ग्रंथ आणि प्रबंध शोधताना

आमच्याकडे निम्मे ग्राहक संशोधक असतात. एका आडनावाच्या अभ्यासकानं काय काय लिहिलं, कुठल्या संस्थेत त्याची टिपणं आहेत, हे त्यांना हवं असतं. इथं घात होतो आद्याक्षरांनी. ‘पी. सी. जोशी’ घ्या. एक पूरनचंद जोशी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस, ज्यांच्या नावाचं अभिलेखागार दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे. दुसरे पूरनचंद्र जोशी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे अभ्यासक. दोघेही कुमाऊँचे! सूचीत दोघांची पुस्तकं एकाखाली एक येतात. आपल्याकडे लक्ष्मणशास्त्री जोशी आणि महादेवशास्त्री जोशी, दोघेही शास्त्री, दोघेही कोशकार. एकानं वाईत बसून मराठी विश्वकोशाचं काम पाहिलं, दुसऱ्यानं भारतीय संस्कृतिकोश सिद्ध केला. ‘जोशी शास्त्री कोश’ एवढ्यावर शोधलंत तर दोघंही समोर येऊन बसतात.

पण सगळ्यांवर कडी राजवाडे बंधूंची. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ आणि निरुक्ताचे (वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथाचे) संपादक वैजनाथ काशिनाथ. मराठीत एक वि. का., दुसरे वै. का. रोमन लिपीत गेले की दोघेही ‘व्ही. के.’ वडील एकच, त्यामुळं मधलं नावही मदतीला येत नाही. अशा वेळी विषय, प्रकाशनाचं साल आणि प्रकाशक पाहूनच निवाडा करावा लागतो. हे काम यंत्र करत नाही, माणूस करतो. हयात संशोधकांच्या बाबतीत आता सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक असतो, म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा ओळखक्रमांक. तो असला तर आम्ही आडनावाकडे बघतही नाही.

जुन्या कागदांत आडनाव असतंच असं नाही

हे ऐकून बरेच जण नाराज होतात, पण इलाज नाही. मोडी कागदांत माणूस बहुधा बापाच्या नावानं आणि गावानं ओळखला जातो : अमुक बिन तमुक, किंवा वलद तमुक, मौजे अमुक. पुढं हुद्दा किंवा वतन. नाना फडणविसांचं मूळ आडनाव भानू. फडणीस हा हुद्दा. आणि पत्रांत सही-शिक्क्याला ते असतात बाळाजी जनार्दन. तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिल्याशिवाय नाना पुरते सापडत नाहीत, मग आपल्या पणजोबांची काय कथा!

मोडी शब्द तोडत नाही, ह्रस्व-दीर्घाची पर्वा करत नाही आणि संक्षेप भरपूर वापरते. तारखा शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या कालगणनेत, त्याही अरबी संख्याशब्दांत : ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७५-७६ येतं. नवं वर्ष मृगाला लागतं, म्हणून हा एका वर्षाचा फरक. नवशिक्या वाचकाच्या हातून वंशावळीतलं एखादं वर्ष किंवा पिढी सरकते ती बहुतेक इथंच.

पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर मोठं आहे, रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले कागद कोटींच्या घरात. पण ते आडनावानं लावलेलं नाही. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा अशा हिशेबाच्या आणि कारभाराच्या विभागांत आहे. म्हणून गाव, परगणा आणि अंदाजे काळ सांगितल्याशिवाय रुमाल कुठला मागवायचा हेच ठरत नाही. घराण्याला इनाम किंवा वतन होतं असं ऐकिवात असेल तर मात्र आवर्जून सांगा. एकोणिसाव्या शतकात इनामांची छाननी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनपुढं वतनदारांनी कैफियती दिल्या आणि त्यांत वंशावळी जोडल्या. आमच्या मते घराण्याच्या शोधात यापेक्षा रसाळ कागद नाहीत. पण जपून वाचावे लागतात, कारण वतन टिकवण्यासाठी लिहिणारा आपल्या सोयीचं लिहिणारच.

त्र्यंबकेश्वर, नाशिक इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज येऊन गेल्याच्या नोंदी मिळतात, कधी त्यांच्याच हस्ताक्षरात. तिथं तुम्ही स्वतः जाणं बरं. घरच्या माणसाला वही जितक्या आनंदानं उघडून दाखवतात तितकी आम्हाला दाखवत नाहीत.

गोव्याचा माग असेल तर पणजीच्या अभिलेखागाराकडे वळतो. ते १५९५ पासूनचं. तिथं पोर्तुगीज कारकुनांच्या कानांनी ऐकलेली आडनावं आहेत : प्रभूचं पोरोबो, शेणवीचं सिनाय, कामतचं कामोतीं.

इंग्रजी अमलातल्या कागदांत शाळेचं जनरल रजिस्टर आम्हाला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. आडनाव नेमकं कुठं बदललं ते तिथं दिसतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत १९१४ क्रमांकाला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. वडिलांचं आडनाव सकपाळ. आंबडवे या गावावरून आधी आंबडवेकर आणि मग आंबेडकर झालं. बाबासाहेबांच्या घराण्याचा मागचा माग काढणाऱ्यानं ‘आंबेडकर’ शोधत बसून उपयोग नाही. त्यानं ‘सकपाळ’ शोधावं. तुमच्याही घरात असा सांधा असेल. कर-कारान्त आडनाव असलं तर बहुधा असतोच.

येताना काय आणाल, आणि आम्ही काय देऊ

आजोबा-पणजोबांची पूर्ण नावं, मूळ गाव आणि तालुका, कुलदैवत, गोत्र असल्यास गोत्र, जमिनीचा जुना फेरफार किंवा सातबारा, आणि घरात छापील कुलवृत्तांत असेल तर तो. कुलवृत्तांतातल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या सहसा बरोबर असतात. त्याआधीचा भाग आम्ही ऐकीव धरून चालतो. त्याबद्दल कुणी रागावू नये.

जातप्रमाणपत्रासाठी जुनी नोंद हवी म्हणून अनेक जण येतात. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून ही संख्या वाढली. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली (गाव नमुना १४), किंवा शाळेतली नोंद आम्ही शोधून वाचून देऊ, मोडीचं लिप्यंतर करून देऊ. प्रमाणित नक्कल मात्र त्या-त्या कार्यालयातूनच घ्यावी लागते आणि निर्णय पडताळणी समितीचा असतो. आडनाव जुळलं म्हणून नातं जुळवून देणं आमच्याकडे होत नाही.

मेहनताना दिवसाप्रमाणे घेतो. ‘सापडलं तरच पैसे’ असा सौदा आम्ही जाणूनबुजून ठेवलेला नाही. तसा ठेवला की शोधणाऱ्याला काहीतरी सापडायलाच लागतं. आधी अर्ध्या दिवसाची पाहणी करतो आणि पुढं जाण्यात अर्थ आहे की नाही ते सांगतो. शेवटी तुम्हाला मिळतं ते प्रत्येक कागदाचं लिप्यंतर, त्याचा ठावठिकाणा (दफ्तर, रुमाल, पान) आणि कुठलं नातं पक्कं, कुठलं तर्कानं लावलेलं, याची स्पष्ट नोंद. जिथं पाहिलं पण मिळालं नाही त्या जागांची यादीही देतो, म्हणजे पुढच्या माणसाला तेच रुमाल पुन्हा सोडावे लागणार नाहीत.

घरचे जुने कागद आणणार असाल तर एक विनंती. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. जुन्या सुती कापडात सैल गुंडाळून, घडी पडली असेल त्याच घडीनं आणा. घडी आम्ही उघडू.