रिस्टोरेशन आणि रीमास्टरिंग: जुन्या चित्रपटाची नवी प्रत पाहताना

एखादा जुना चित्रपट चित्रपटगृहात पुन्हा लागतो किंवा त्याची नवी ब्लू-रे डिस्क बाजारात येते, तेव्हा जाहिरातीत बहुधा ‘रिस्टोअर्ड’ किंवा ‘रीमास्टर्ड’ यांपैकी एक शब्द असतो आणि सोबतीला ‘फोर के’, म्हणजे सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीचे चित्र, हे बिरुद असतेच. पुण्यात जुन्या चित्रपटांवर मनापासून प्रेम करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यातही हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने येतात. मग खेळ सुटल्यावर एक जण म्हणतो की प्रिंट अगदी चकाचक होती, आणि दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो की त्या चित्रपटाचे मूळ रूपच हरवले. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, कारण चित्रपट चकाचक होणे आणि तो मूळ रूपात परत येणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत.

रिस्टोरेशन, म्हणजे पुनरुज्जीवन, करणारा माणूस असे विचारतो की हा चित्रपट पहिल्यांदा प्रदर्शित झाला तेव्हा पडद्यावर कसा दिसत होता आणि कसा ऐकू येत होता. रीमास्टरिंग करणारा असे विचारतो की हाताशी असलेली प्रत आजच्या पडद्यावर, टीव्हीवर किंवा मोबाइलवर चांगली कशी दिसेल. दोघांची यंत्रे पुष्कळदा सारखीच असतात, संगणकावरचे कामही वरवर पाहता सारखेच वाटते, पण प्रश्न वेगळा असल्यामुळे पावलोपावली घेतलेले निर्णय वेगळे ठरतात.

पुनरुज्जीवनाची सुरुवात शोधापासून होते. कॅमेऱ्यातून गेलेली मूळ निगेटिव्ह मिळाली तर उत्तमच. ती नसेल तर तिच्यावरून काढलेली पॉझिटिव्ह, त्यावरून काढलेली दुय्यम निगेटिव्ह, आणि काहीच नसेल तर गावोगाव फिरून ओरखडलेली प्रदर्शनाची प्रिंट, अशा उतरत्या क्रमाने साहित्य जमवावे लागते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर अक्षरे जशी पुसट होत जातात, तसा प्रत्येक पिढीगणिक चित्रातला तपशील कमी होतो. म्हणूनच काम कोणत्या साहित्यापासून सुरू झाले हा प्रश्न ‘फोर के’ या बिरुदापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. पुसट प्रिंट चार हजार शहाण्णव पिक्सेलच्या रुंदीने स्कॅन केली, तरी हाती येतो तो पुसटपणाच.

हे साहित्य किती नाशवंत असते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर निघत, आणि ही फिल्म एकदा पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य असते. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या गोदामाला २००३ साली आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची तिथे ठेवलेली नायट्रेटची रिळे जळून गेली. त्यानंतरच्या ॲसिटेट फिल्मला आगीचे भय तेवढे नसले, तरी ती सडू लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. फिल्म आक्रसते, वाकडी होते, आणि कडेची भोके यंत्राच्या दात्यांत बसेनाशी होतात. अशा रिळाची हाताने दुरुस्ती करायची, मग ते स्कॅन करायचे आणि त्यानंतर एकेक चौकट, म्हणजे फिल्मवरचे एकेक चित्र, तपासायची असते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात.

श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या ‘मंथन’चे उदाहरण मला फार बोलके वाटते. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने पुनरुज्जीवित केलेली त्याची प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली आणि नंतर आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागली. तिचे चित्र पुण्याच्या संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून घेतले आहे, तर ध्वनी फाउंडेशनकडे असलेल्या प्रदर्शनाच्या प्रिंटवरून. दोन ठिकाणचे साहित्य असे एकत्र आणावे लागले. शिवाय छायाचित्रकार गोविंद निहलानी आणि स्वतः बेनेगल यांची कामावर देखरेख होती, त्यामुळे खेड्यातली धूळ कोणत्या रंगाची दिसावी हे संगणकावर बसलेल्या तंत्रज्ञाला एकट्याने ठरवावे लागले नाही.

रीमास्टरिंगला मी कमी लेखत नाही. सुस्थितीतल्या प्रतीवरून नवा मास्टर, म्हणजे पुढच्या प्रती जिच्यावरून निघतात ती प्रत, काढणे, त्यातला प्रकाश सारखा करणे, आवाजातली खरखर कमी करणे हे काम नीट केले, तर शेकडो चित्रपट नव्या प्रेक्षकांपर्यंत थोड्या खर्चात पोहोचतात. पुनरुज्जीवित चित्रपटाचेही चित्रपटगृहासाठी आणि डिस्कसाठी वेगवेगळे मास्टर शेवटी काढावेच लागतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा आजच्या सवयींना जुळवून घेताना मूळ कलाकृतीवर कात्री चालते.

माझ्याकडे एका जुन्या कौटुंबिक मराठी बोलपटाची ‘रीमास्टर्ड’ म्हणून विकलेली डिस्क आहे. त्या काळातली चौकट जवळजवळ चौकोनी, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद असे. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद असतो. बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून डिस्क काढणाऱ्यांनी चित्र वरून आणि खालून कापले आहे, आणि हिशेब केला तर असे कापताना जवळजवळ पाव चित्र जाते. एका दृश्यात सून उंबरठ्यावर येऊन थबकते. तिचा पाय आत पडतो की नाही, यावर ते सगळे दृश्य उभे आहे, आणि डिस्कवर नेमका उंबरठाच दिसत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालयाच्या चित्रपटगृहात हाच चित्रपट मी पूर्ण चौकटीत पाहिला, तेव्हा ते दृश्य मला पहिल्यांदा कळले.

दुसरे नुकसान चेहऱ्यांचे होते. फिल्मवर दिसणारे बारीक कण म्हणजे काही घाण नव्हे, चित्र मुळात त्या कणांनीच बनलेले असते. ते संगणकाने सरसकट पुसले की चेहरा मेणाचा दिसू लागतो, आणि सुरकुती, घामाचा थेंब, नऊवारीचा पोत हे सगळे त्याबरोबर जाते.

आवाजाचे दुखणे तर आमच्या घरातच उमगले. पाल या आपल्याकडे रूढ असलेल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी चालवण्याची रीत होती. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत संपतो आणि वेगळी दुरुस्ती केली नाही, तर सूरही चढतो. माझे मामा पेटी वाजवत. कॅसेटवरच्या एका चित्रपटगीताला त्यांची काळी एक चोख जुळे, पण तेच गाणे डिस्कवर लागले की सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी पडे. कितीतरी दिवस ते पेटीलाच दोष देत होते.

आजच्या रीमास्टरमध्ये फिल्मच्या एकाच ध्वनिपट्ट्यावरचा आवाज पाच-सहा स्पीकरांत वाटण्याचा मोह असतो. १९३७ चा ‘कुंकू’ घ्या. प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओत तयार झालेल्या या चित्रपटात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत जाणूनबुजून टाळले होते आणि घरातले, रस्त्यावरचे आवाजच कथेला पुरवले होते. अशा चित्रपटातली शांतता ‘रिकामी’ वाटते म्हणून भरून काढणे म्हणजे दिग्दर्शकाचा निर्णय फिरवणे होय. खरखर किती काढायची हाही विवेकाचा प्रश्न आहे, कारण ती अति पुसली की शब्दाआधी घेतलेला श्वास तिच्याबरोबर जातो.

मोठ्या पडद्यावर लागला म्हणजे चित्रपट मूळ रूपात आहे, असे समजण्याचे कारण नाही. कित्येक पुनर्प्रदर्शनांत टीव्हीसाठी काढलेला मास्टरच पडद्यावर ताणलेला असतो. उलट, काळजीपूर्वक काढलेली ब्लू-रे घरच्या टीव्हीवर अधिक प्रामाणिक ठरू शकते. मात्र टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, चित्राचा आकार ‘मूळ’ ठेवावा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. तरीही दोन्ही प्रती सारख्याच चांगल्या असतील, तर मी आधी चित्रपटगृहात जातो, कारण अंधारात शंभर माणसांबरोबर हसताना आणि गप्प होताना चित्रपटाची लय जशी कळते, तशी घरी कळत नाही. घरी त्याच चित्रपटाची एखादी चौकट थांबवून प्रकाश कुठून येतो हे पाहता येते, आणि ते सुखही मी सोडत नाही.

तिकीट काढण्यापूर्वी किंवा डिस्क घेण्यापूर्वी मी काही गोष्टी पाहतो. पुनरुज्जीवन करणाऱ्या संस्था चित्रपटाच्या आरंभी एक पाटी बहुधा देतात, आणि काम कोणत्या निगेटिव्हवरून किंवा प्रिंटवरून झाले, ते साहित्य कुठे जपलेले होते आणि रंगांबाबत कोणाचा सल्ला घेतला, हे तिच्यावर लिहिलेले असते. ती पाटी नसेल आणि वेष्टनावर नुसतेच ‘फोर के’ असेल, तर मी पहिल्या दहा मिनिटांत माणसांची डोकी आणि पाय चौकटीत आहेत का, ते पाहतो.