गरोदर महिला कैदी : बाळंतपणासाठी तात्पुरत्या जामिनाचा अर्ज नागपुरात कसा करावा

घरची बाई कारागृहात आहे आणि तिला दिवस गेलेले आहेत, तर नववा महिना लागायची वाट बघू नका. अर्ज, त्यावर पोलिसांचं म्हणणं, वैद्यकीय अहवाल, मग जामीनदाराचे कागद, यात आठवडे सहज जातात. बाळंतपण मात्र कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही.

कोण अर्ज करू शकते?
खटला सुरू असलेली कोणतीही गरोदर महिला. अजामीनपात्र गुन्ह्यातही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८० महिलांना जामीन देण्याची मुभा न्यायालयाला देतं. गुन्हा गंभीर आहे म्हणून आशा सोडू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या गांजा प्रकरणातल्या गरोदर महिलेला ६ महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगाच्या वातावरणात बाळंतपण झालं तर त्याचा परिणाम आईसोबत बाळावरही होईल, असं न्यायालयाने म्हटलं. हा आदेश अर्जाला जोडायला वकिलांना आवर्जून सांगा.

शिक्षा झालेली असेल आणि अपील प्रलंबित असेल, तर त्याच संहितेच्या कलम ४३० खाली शिक्षेला स्थगिती मागता येते. नाहीतर अधीक्षकांमार्फत पॅरोलचा अर्ज.

वकील
दागिने गहाण टाकण्याआधी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि कोठडीतल्या व्यक्तींना वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

कागदपत्रं
एफआयआर, दोषारोपपत्र दाखल असेल तर त्याची प्रत, आधी जामीन नाकारला असेल तर तो आदेश, तिचं आधार कार्ड, आणि वकीलपत्रावर कारागृहात घेतलेली तिची सही. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती किंवा सातबारा.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे प्रसूतीची अंदाजे तारीख लिहिलेला डॉक्टरांचा दाखला आणि सोनोग्राफीचा अहवाल. ते तुमच्या हाती नसतील तर अडून राहू नका. कारागृह अधीक्षकांकडून वैद्यकीय अहवाल मागवावा, अशी विनंती अर्जातच लिहा.

निकाल येईपर्यंत
तपासणी आणि उपचार हा तिचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालात सांगितलं आहे की गरोदर कैद्याची तपासणी जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या महिला विभागात व्हावी, आणि शक्यतो तिची तात्पुरती सुटका करून प्रसूती बाहेरच्या रुग्णालयात व्हावी. अपवाद फक्त मोठी सुरक्षा जोखीम असलेल्या प्रकरणांचा. मूल ६ वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं.

जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्या. प्रसूती कारागृहात झाली तरी जन्मस्थान म्हणून कारागृह लिहायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा, हेही त्याच निकालात आहे. दाखला हातात आला की तो रकाना आधी वाचा. चूक दिसली तर तिथेच दुरुस्तीचा अर्ज द्या.