पायकॉन इंडियाला टॉकचं प्रपोजल कसं द्यायचं: कोण देऊ शकतं, काय लागतं, फॉर्ममध्ये काय लिहायचं

कॉन्फरन्समध्ये टॉक म्हणजे भाषण द्यायला कॉलेजचं बोनाफाईड लागतं का, असं परवा एका थर्ड इयरच्या मुलीने विचारलं. संगमनेरची आहे, पायथन चांगलं येतं, आणि तिचा प्रश्न अगदी बरोबर होता कारण आपल्याकडे स्कॉलरशिपच्या फॉर्मपासून एसटीच्या पासापर्यंत सगळीकडे आधी कागदच मागतात. तर बोनाफाईड नाही लागत. डिग्री नाही, मार्कशीट नाही, कंपनीचं लेटर नाही, अनुभवाचा दाखला नाही. मग लागतं काय, ते पायकॉन इंडिया धरून एकदा सगळं लिहून काढतोय, बाकीच्या कम्युनिटी कॉन्फरन्सचं पण थोड्याफार फरकाने असंच असतं.

पायकॉन इंडिया म्हणजे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करणाऱ्यांची देशातली दरवर्षीची कॉन्फरन्स. पहिली २००९ ला बंगळुरूच्या आयआयएससीत झाली, २०११ ला आपल्या पुण्यात झाली, मग दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरली, कोविडमध्ये ऑनलाइन, आणि २०२४ आणि २०२५ ला परत बंगळुरू. मागे पायथन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे पण राबणारे सगळे व्हॉलंटियर, म्हणजे तुमचं प्रपोजल वाचणारा माणूस दिवसभर ऑफिस करून रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून बसलेला असतो आणि त्याच्यापुढे तुमच्यासारखी खूप प्रपोजल्स असतात. फॉर्म भरताना हा माणूस डोळ्यासमोर ठेवा.

कोण देऊ शकतं? कोणीही. विद्यार्थी, शिक्षक, नोकरी शोधणारे, शेतीचा डेटा घेऊन खटपट करणारे, सगळे. फॉर्ममध्ये पहिल्यांदाच बोलताय का असा एक पर्याय असतो, तो लोक टिक करायला घाबरतात, बिनधास्त करा. नियम म्हणाल तर कोड ऑफ कंडक्ट म्हणजे तिथे कसं वागायचं त्याचे नियम मान्य असावे लागतात, काम तुमचं स्वतःचं असावं, आणि टॉकच्या नावाखाली कंपनीच्या प्रॉडक्टची जाहिरात नको. एका बाबतीत मात्र खरंच कागद लागतो, तो कॉन्फरन्सला द्यायचा नाही तर स्वतःकडे ठेवायचा: ऑफिसमधल्या कामावर बोलणार असाल तर मॅनेजरची परवानगी ईमेलवर घेऊन ठेवा, आणि प्रपोजल टाकायच्या आधी घ्या. तोंडी "हो हो कर" वर विसंबू नका, माझ्या ओळखीच्या एकाला टॉक सिलेक्ट झाल्यावर लीगलने अडवलं आणि त्याला शेवटच्या आठवड्यात नाव मागे घ्यावं लागलं, त्याची तर मेहनत गेलीच पण त्या जागी दुसऱ्या कुणाला बोलता आलं असतं तेही गेलं.

कॉन्फरन्स साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला असते आणि सीएफपी, म्हणजे प्रपोजल मागवणं, त्याच्या काही महिने आधी सुरू होतं. कित्येक वर्षं हे सगळं जंक्शन नावाच्या साइटवर चालत आलंय, ती कम्युनिटीनेच जँगोमध्ये, म्हणजे पायथनच्या वेबसाइट बनवायच्या साधनात, लिहिलेली ओपन सोर्स साइट आहे. आणि तिची सगळ्यात भारी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली, ती म्हणजे प्रपोजल्स सगळ्यांना दिसतात. जुन्या वर्षांची पण! कुठलं सिलेक्ट झालं, कुठलं नाही, खाली लोकांनी काय विचारलं, सगळं वाचता येतं. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये हे बंद दाराआड असतं. तर फॉर्म उघडायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि तुमच्या विषयाजवळची दहा-पंधरा जुनी प्रपोजल्स वाचा, सिलेक्ट झालेली आणि न झालेली दोन्ही, माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता फॉर्म. टायटल, प्रकार म्हणजे टॉक की वर्कशॉप की अजून काही, विषयाचा विभाग, डिस्क्रिप्शन, कोणासाठी आहे, ऐकणाऱ्याला आधी काय येत असावं, स्लाइड्स किंवा कोडच्या लिंक, छोटा व्हिडिओ, तुमची माहिती, तुमच्या आधीच्या कामाच्या लिंक. दरवर्षी थोडं इकडेतिकडे होतं, पण गाभा हाच. ड्राफ्ट म्हणून सेव्ह करता येतं, पण ड्राफ्ट म्हणजे सबमिट नव्हे हे लक्षात असू द्या, पब्लिक केल्याशिवाय ते रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे प्रपोजल वाचून निवडणाऱ्यांपर्यंत, पोचत नाही.

यातलं डिस्क्रिप्शन हाच तुमचा खरा कागद. बोनाफाईड, अनुभवाचा दाखला, सगळं तेच. मी पहिलं प्रपोजल एका कॉन्फरन्सला टाकलं होतं तेव्हा चार ओळी लिहिल्या होत्या, की हा विषय महत्त्वाचा आहे, आजकाल सगळीकडे वापरतात, मी याच्याबद्दल सांगेन. रिव्ह्यूअरने एकच विचारलं, ऐकणाऱ्याला घरी जाताना काय मिळेल? माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि प्रपोजल नापास झालं, ते योग्यच झालं.

उदाहरण घेऊन सांगतो, कारण नुसतं "आउटलाइन द्या" म्हणून कळत नाही. त्या मुलीचा विषय आहे देवनागरी टेक्स्ट आणि पायथन. तिने आधी लिहिलेलं, भारतीय भाषांमध्ये काम करताना येणाऱ्या अडचणी आणि त्यावरचे उपाय. वाचून काहीच कळत नाही ना? मी म्हटलं तुला नक्की कुठली अडचण आली ते सांग. तर तिने सांगितलं की गावांच्या यादीत "गोऱ्हे" शोधलं तर सापडेना, यादीत डोळ्याला तर दिसतंय. झालेलं असं की आपला तो पापणीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त देऊन, आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे टाकून. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, पण पायथनला विचारलं तर दोन स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, वेगळ्या, आणि युनिकोडचं (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप केलेलं एकसारखं करणं, चालवलं तरी त्या एक होत नाहीत. हे ऐकून मी खुर्चीतून पुढे सरकलो! हा आहे टॉक. प्रत्येक मराठी माणसाचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा घोळ असू शकतो.

मग तिची आउटलाइन अशी झाली, ३० मिनिटांच्या स्लॉटसाठी. पहिली ३ मिनिटं "गोऱ्हे" का सापडलं नाही ते लाइव्ह दाखवायचं. पुढची ७ मिनिटं स्ट्रिंगच्या आत काय असतं, म्हणजे "क्षी" हे आपल्याला एक अक्षर वाटतं पण पायथन त्याची लांबी ४ सांगतं, क, हलन्त, ष आणि वेलांटी, आणि म्हणून स्ट्रिंग उलटी केली की वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. मग ८ मिनिटं नॉर्मलायझेशन काय करतं आणि काय करत नाही, त्यातच "१२३" हे मराठी आकडे पायथनचं इंट फंक्शन (मजकुरातून पूर्णांक काढणारं) बरोबर वाचतं हे पण, कारण ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग ७ मिनिटं तिने लिहिलेलं छोटं फंक्शन आणि त्याच्या टेस्ट, ५ मिनिटं प्रश्न. शेवटी एक ओळ, की ऐकणारा परत जाऊन आपल्या सर्चमध्ये ही टेस्ट त्याच दिवशी चालवू शकेल. मिनिटं लिहिली की रिव्ह्यूअरला कळतं की या माणसाने टॉक डोक्यात एकदा देऊन बघितलाय, आणि तुम्हाला स्वतःला कळतं की विषय ३० मिनिटांत बसतोय की नाही. पहिल्यांदा बहुतेकांचा बसत नाही. अर्धा काढून टाका.

फॉर्म इंग्लिशमध्ये भरायचा असतो, पण भारी इंग्लिश लागत नाही, साधी छोटी वाक्यं लिहा. एआयकडून अख्खं डिस्क्रिप्शन लिहून घेऊ नका प्लीज, स्पेलिंग तपासायला वापरा हवं तर, पण "गोऱ्हे" सापडलं नाही हे वाक्य त्याच्याकडून येणार नाही, ते ज्याला भोगलंय त्याच्याकडूनच येतं.

टायटलमध्ये शब्दांची आतषबाजी नको, काय ऐकायला मिळणार ते कळलं पाहिजे. लेव्हल खरी टाका, सगळ्यांसाठी म्हणून टाकलं की कोणासाठीच नसतं. व्हिडिओला मात्र लोक उगाच घाबरतात. एक-दोन मिनिटांचा, मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून काढलेला चालतो, एडिटिंग नको, पंख्याचा आवाज येऊ देऊ नका आणि विषय का निवडला ते समोरच्या मित्राला सांगितल्यासारखं सांगा. रिव्ह्यूअरला एवढंच बघायचं असतं की तुम्हाला बोलून समजावता येतंय. आधी कुठे बोलला असाल, अगदी कॉलेजच्या क्लबमध्ये, तर त्याची लिंक द्या. काहीच नसेल तर डेडलाइनच्या आधी एखाद्या मीटअपमध्ये, म्हणजे गावातल्या प्रोग्रामर लोकांच्या छोट्या भेटीत, बोलून घ्या, पुण्यात पायथन पुणेचे मीटअप होतात, तिथे नवीन माणसाला ऐकून घेतात.

डेडलाइनच्या दिवशी रात्री अकराला टाकू नका. लवकर टाकलं तर खाली कमेंट येतात, व्होट येतात, आणि तुम्हाला प्रपोजल सुधारायला वेळ मिळतो. कमेंटला उत्तर द्या, आणि नुसतं "थँक्स, टॉकमध्ये कव्हर करेन" असं नको, डिस्क्रिप्शनमध्ये तो बदल करून मग सांगा. मित्रांच्या ग्रुपवर व्होट मागत फिरू नका, नुसत्या व्होटवर सिलेक्शन होत नाही, वाचून निर्णय घेतात.

नाही झालं सिलेक्ट तर तेच प्रपोजल सुधारून दुसरीकडे द्या, त्यात काही गैर नाही. बऱ्याच ठिकाणी प्रेटॅल्क्स नावाची प्रपोजल घेण्याची सिस्टिम वापरतात, ब्रसेल्सच्या फॉसडेम या ओपन सोर्सवाल्यांच्या कॉन्फरन्सला पण तीच आहे, तिथे अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे थोडक्यात सारांश आणि डिस्क्रिप्शन असे दोन वेगळे रकाने असतात, मजकूर तुमच्याकडे तयार असेल तर तासाभराचं काम. मराठीतून बोलायचं असेल तर तेही अगदीच अशक्य नाही, २०२१ च्या ऑनलाइन डेबकॉन्फमध्ये, म्हणजे डेबियन लिनक्सवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये, मराठीतून सत्रं झाली आहेत. शिवाय पायकॉनला नुसते ऐकायला गेलात तरी पाच मिनिटांचे लाइटनिंग टॉक असतात, त्याला तिथेच नाव देता येतं.

आणि झालं सिलेक्ट तर आधी कन्फर्मेशनच्या मेलला लगेच उत्तर द्या, स्पॅम फोल्डर रोज बघा, तुमचं उत्तर गेलं नाही तर स्लॉट वेटिंगवाल्याला जातो. प्रवासाचा खर्च जमणार नसेल तर आर्थिक मदतीचा अर्ज वेगळा असतो, त्याची तारीख पण वेगळी, ती आधीच लिहून ठेवा आणि मागायला लाजू नका, ते पैसे त्यासाठीच ठेवलेले असतात. कॉन्फरन्स बंगळुरूला असेल तर पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस आहे, पण सप्टेंबरात गणपतीची गर्दी असते, तिकीट सिलेक्शन कळलं त्याच दिवशी काढा.