सर्च कन्सोल आणि व्यवसायाची वेबसाइट : नागपूरच्या संदर्भात

सर्च कन्सोल हे गूगलचे मोफत साधन आहे. आपली वेबसाइट गूगलच्या शोधात कोणत्या शब्दांवर दिसली, किती वेळा दिसली, त्यातले किती जण आत आले आणि कोणती पाने गूगलने आपल्या सूचीत घेतलीच नाहीत, हे मालकाला त्यातून कळते. २००५ साली साइटमॅप (वेबसाइटवरील पानांची यादी) पाठवण्याची सोय म्हणून याची सुरुवात झाली. २००६ मध्ये ते वेबमास्टर टूल्स झाले आणि मे २०१५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. २०१८ च्या नव्या आवृत्तीने व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक केला : पूर्वी फक्त ९० दिवसांचे आकडे दिसत, ते १६ महिन्यांचे दिसू लागले. बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रासाठी याच धर्तीवर बिंग वेबमास्टर टूल्स आहे.

हे साधन जोडले म्हणून वेबसाइट वर येत नाही. नैसर्गिक निकालांतला क्रमांक गूगलला पैसे देऊनही मिळत नाही. जाहिरातींचा हिशेब वेगळा. साधन फक्त दाखवते. दाखवलेल्याचा अर्थ लावायचे काम धंदा ओळखणाऱ्या माणसाचे आहे, आणि नागपूरसारख्या हंगामावर चालणाऱ्या बाजारपेठेत तो अर्थ बाहेरच्या एजन्सीपेक्षा दुकानदारालाच जास्त चांगला लागतो.

कामगिरी अहवाल

या अहवालात चार आकडे असतात : क्लिक, इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलो), क्लिकचे प्रमाण आणि सरासरी स्थान. खाली शोधशब्द, पाने, देश आणि उपकरणे यांनुसार फोड मिळते. खरी माहिती शोधशब्दांच्या यादीत असते. समजा, कूलर विकणाऱ्या एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर ‘आमची उत्पादने’ एवढ्याच शीर्षकाचे एक पान आहे. त्या पानावर बोट ठेवून शोधशब्द उघडले, तर ‘कूलरचा पंप’, ‘कूलरची खस बदलणे’, ‘पत्र्याचा कूलर किंमत’ अशा ओळी दिसू शकतात. इम्प्रेशन भरपूर आणि क्लिक जवळपास शून्य. याचा अर्थ गूगल पान दाखवत आहे, पण शीर्षक वाचून गिऱ्हाइकाला आपली गरज इथे भागेल असे वाटत नाही. इथे खस आणि पंप यांचे वेगळे पान करावे, शीर्षकात वस्तूचे नाव आणि नागपूर लिहावे, किंमत उघड द्यावी. गूगल कधी कधी शीर्षक स्वतःच्या मनाने बदलून दाखवते, तरी स्पष्ट शीर्षक दिलेले केव्हाही बरे.

सरासरी स्थान हा चौघांतला सर्वांत फसवा आकडा आहे. एक पान एका शब्दावर चौथ्या स्थानी १०० वेळा दिसत होते असे धरा. पुढच्या महिन्यात तेच पान दुसऱ्या नव्या शब्दांवर तिसाव्या स्थानी आणखी ९०० वेळा दिसले. आता सरासरी २७.४ झाली. पहिला शब्द जागचा हललेला नाही, उलट पान नव्या ठिकाणी पोहोचले आहे. तरी आकडा बघून मालक घाबरतो. म्हणून सरासरी स्थान एकेका शब्दापुरतेच वाचावे, संपूर्ण वेबसाइटचे वाचू नये.

यादीतल्या ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही, हेही अनेकांना खटकते. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादा विशिष्ट सुटा भाग बनवणाऱ्या कारखान्याचा शोध मुळात मोजकेच लोक घेतात, त्यामुळे त्याच्या यादीतला मोठा हिस्सा असा झाकलेला राहू शकतो. अशा उद्योगाने शब्दांपेक्षा कोणत्या पानावर माणसे आली, यावर भर द्यावा.

शहर दिसत नाही

भौगोलिक फोड देशापर्यंतच मिळते. शोध नागपुरातून झाला की नाशिकमधून, हे सर्च कन्सोल सांगत नाही. त्यावर उपाय म्हणजे शोधशब्दांना गाळणी लावणे : ‘नागपूर’ किंवा ‘बर्डी’, ‘धरमपेठ’, ‘सदर’, ‘इतवारी’ या वस्त्यांपैकी एखादे नाव असलेले शब्द वेगळे काढायचे. २०२१ पासून या गाळणीत रेग्युलर एक्स्प्रेशन (अनेक शब्द एकाच नमुन्यात लिहिण्याची पद्धत) चालते, त्यामुळे सगळी नावे मध्ये उभी रेघ (|) देऊन एकाच ओळीत टाकता येतात. नावे देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिपींत टाकावीत. नागपूरचा बाजार मराठीइतकाच हिंदीतही बोलतो आणि टाइप करताना बरेच जण रोमन वापरतात. सावजी जेवणासाठीच रोमनमध्ये दोन-तीन वर्तनी चालतात. मात्र यादीत दिसलेली प्रत्येक वर्तनी पानावर कोंबणे हा उपाय नव्हे. नीट लिहिलेले एक मराठी पान आणि गरज असल्यास एक हिंदी पान, एवढे पुरते.

‘जवळचे दुकान’ छापाच्या शोधांत नकाशासह येणारी दुकाने गूगल बिझनेस प्रोफाइलमधून येतात (नोव्हेंबर २०२१ पर्यंतचे नाव माय बिझनेस). तिथून आलेले फोन आणि विचारलेले रस्ते त्या प्रोफाइलच्या स्वतंत्र अहवालात असतात. छोट्या दुकानाने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले नाहीत, तर अर्धेच चित्र दिसते.

हंगाम आणि तुलना

नागपुरात ‘मागच्या महिन्यापेक्षा इम्प्रेशन घटले’ हे वाक्य बहुतेक वेळा निरर्थक असते. कूलरचे शोध उन्हाळ्याच्या तोंडावर चढतात आणि पाऊस लागला की कोसळतात. ताडोबा आणि पेंचचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, पर्यटनाला बंद असते. त्या काळात सफारीवाल्यांच्या वेबसाइटचा आलेख खाली गेला तर दोष वेबसाइटचा नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराचे फळ हिवाळ्याच्या सुरुवातीला बाजारात येते आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणून घरपोच संत्री पाठवणाऱ्याच्या आलेखाला वर्षातून दोन उंचवटे येणे स्वाभाविक आहे. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी करावी. १६ महिन्यांची मुदत इथेच कामी येते.

पण तीही तारखेला तारीख लावून करू नये. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुख्य मेळावा दसऱ्याला भरतो आणि दसरा दरवर्षी इंग्रजी तारखेने सरकतो. परिसरातल्या लॉजमालकाने या ऑक्टोबरचा पहिला आठवडा गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याशी ताडून पाहिला, तर एका बाजूला गर्दीचे दिवस आणि दुसऱ्या बाजूला रिकामे दिवस येऊ शकतात. अहवालात तारखा हाताने निवडता येतात. दसऱ्याआधीचे १५ दिवस दोन्ही वर्षांचे निवडावेत. दिवाळीच्या कपड्या-मिठाईच्या धंद्यालाही हेच लागू आहे. १६ महिन्यांपलीकडचे आकडे अहवालातून जातात, म्हणून वर्षातून एकदा ते शीटमध्ये उतरवून ठेवणे आवश्यक आहे.

सूचीत नसलेली पाने

पाने इंडेक्स न होण्याची, म्हणजे गूगलच्या सूचीत न येण्याची, कारणे वेगळ्या अहवालात मिळतात. सर्वांत साधे आणि सर्वांत महाग पडणारे कारण म्हणजे वेबसाइट बनत असताना लावलेली ‘नोइंडेक्स’ (हे पान सूचीत घेऊ नका) ही खूण काढायची राहून जाणे. दुसरे कारण जाणूनबुजून ओढवून घेतलेले असते : एकच मजकूर घेऊन फक्त वस्तीचे नाव बदलत ‘सदरमध्ये कूलर दुरुस्ती’, ‘महालमध्ये कूलर दुरुस्ती’, ‘मानेवाड्यात कूलर दुरुस्ती’ अशी डझनावारी पाने काढणे. गूगलच्या स्पॅमविषयक नियमांनुसार अशी पाने चालत नाहीत, आणि शोधणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही. त्याऐवजी एका पानावर कोणत्या वस्त्यांत सेवा देतो, तिथवर जायचे किती पैसे घेतो आणि किती वेळात पोहोचतो, हे लिहावे. दुरुस्त केलेल्या पानाचा पत्ता सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत टाकून पुन्हा इंडेक्स करण्याची विनंती करता येते, पण अशा विनंत्यांना रोजची मर्यादा असते.

वेगाच्या अहवालात तीन कसोट्या आहेत : मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये (त्याचा निर्देशांक ०.१ पर्यंत). हे आकडे क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांकडून येतात. वर्दळ कमी असली की अहवाल कोराच राहतो. मग पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्याच साधनात पान टाकून तपासावे.

मालकी

वेबसाइट आपली आहे हे सिद्ध करण्याचे अनेक मार्ग आहेत. डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या तांत्रिक नोंदवहीत, टीएक्सटी ही मजकुराची नोंद टाकणे हा त्यांतला सर्वांत व्यापक. त्यात डोमेनचे सगळे उपविभाग (सबडोमेन) एकत्र येतात. अनेक दुकानदारांची वेबसाइट दुसऱ्याने बनवलेली असते आणि सर्च कन्सोलही त्याच्याच ईमेलवर जोडलेले असते. संबंध तुटले की वर्षभराचे आकडे मालकाच्या नजरेआड होतात. हे टाळणे अगदी सोपे आहे : मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्यायची आणि वेबसाइट सांभाळणाऱ्याला सेटिंग्जमधील वापरकर्ते व परवानग्या या भागातून वापरकर्ता म्हणून जोडायचे. काम संपल्यावर त्याचे नाव काढून टाकावे. त्याची पडताळणीची जुनी फाइल किंवा खूण वेबसाइटवर राहिली असेल तर तीही काढावी, नाहीतर तिच्या आधारे तो पुन्हा मालक म्हणून आत येऊ शकतो.